अण्णांचं उकळलेलं पाणी

आमच्या कॉलनीत प्रत्येक दारावर नावाची पाटी होती, आणि पाटीवर नावापेक्षा पदवीची अक्षरं ठळक होती. बी.कॉम., एम.ए., बी.एस्सी. बी.एड. एका घरावर तर ‘एलएल.बी., पहिले वर्ष’ असंही रंगवून घेतलेलं होतं. दुसरं वर्ष काही उजाडलं नाही, पण पाटी राहिली. हसू येतं खरं, पण कॉलनी बहुतेक सगळी आम्हा बौद्धांची होती, आणि घरोघरचा बाप म्हणजे त्या घराण्यात पहिल्यांदा पुस्तक उघडलेला माणूस. आमच्या आजोबांनी आयुष्यभर अंगठा उठवला आणि त्यांच्या मुलाच्या नावापुढे पदव्या लागल्या. त्या दारावर नाही लावायच्या तर कुठे लावायच्या?

कॉलनी इंदिरानगरच्या पार कडेला होती. आमच्या मागे डांबरी रस्ता संपायचा आणि मळे सुरू व्हायचे. झेंडू, गुलछडी, मेथी, कोथिंबीर. सकाळी मळ्यातल्या बायका टोपल्या भरून बाजाराकडे निघायच्या तेव्हा आमच्याकडे शाळेत जायची घाई चाललेली असायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. मी तेव्हा हायस्कुलात होते. पाणी नेमकं कुठे बिघडलं ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही, पण या घरात दोघं, त्या घरात एक, अशी माणसं आडवी व्हायला लागली. आणि मग आमच्या कॉलनीने जे काही केलं, ते पाटीवरच्या पदवीप्रमाणे केलं.

जे मॅट्रिक होऊन कारकुनीला लागले होते त्यांचा विश्वास सुईवर. इंजेक्शन देत नाही तो डॉक्टरच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. समोरच्या काकांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी रांगा लावून दोन्ही दंडांत कॉलऱ्याची लस टोचून घेतली, आणि दंड सुजले तेव्हा बाह्या वर करून ते सगळ्यांना समाधानाने दाखवत फिरले. शेजारचे एम.ए. मात्र सुईला हसायचे. त्यांनी पेपरात वाचलं होतं की खरी भानगड माशीची आहे. ते दिवसभर गुंडाळलेला पेपर घेऊन माशा मारायचे, आणि बायको नळाचं पाणी तसंच माठात भरायची. जिथे कुणीच शिकलेलं नव्हतं त्या घरात कडुनिंबाचा धूर केला की भागत होतं. धुराने माणसं खोकायची, जुलाबांचं काय व्हायचं ते ठाऊक नाही.

आणि आमचे अण्णा. माझे वडील. बी.एस्सी. बी.एड., शाळेत शास्त्र शिकवायचे. एवढी वर्षं फळ्यावर जंतू काढून दाखवले, आता ते खरोखरचे दारात आले होते. अण्णांना भीती वाटली असेलही, पण त्याहून जास्त त्यांना हुरूप आला. कुठून तरी साथीची माहितीपत्रकं आणली, त्यातल्या ओळी लाल पेन्सिलीने अधोरेखित केल्या आणि संध्याकाळी ओट्यावर उभं राहून कॉलनीला वाचून दाखवल्या. कॉलनी ऐकायची आणि आपापल्या पदवीप्रमाणे विसरायची. मग अण्णांनी आपला सगळा भार आपल्या घरावर टाकला.

स्वयंपाकघरात स्टुलावर एक पिंप आलं. त्यात फक्त उकळलेलं पाणी. उकळी फुटल्यावर घड्याळ लावून वीस मिनिटं. पिंपाला झाकण, झाकणावर फडकं, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं. पाण्यात हात बुडवायचा नाही, पेला बुडवायचा नाही. घरातल्या प्रत्येकाचा पेला वेगळा, खाली रंगाचा ठिपका लावलेला. बाहेरून आलेल्याने ओट्यावरच हातपाय धुवायचे, आणि पाणी हवं असेल तर ओंजळ करायची. अण्णा ओगराळ्याने वरून धार धरणार. भांड्याला बाहेरच्या माणसाचा हात नाही, तोंड नाही, म्हणजे जंतूला यायला वाटच नाही. “जंतूला जात नसते, धर्म नसतो, ओळख नसते,” असं ते म्हणायचे. ते खरंच होतं, म्हणून कुणी वाद घातला नाही.

आई सातवी शिकलेली होती. तेवढ्या शिक्षणाने तिला नियम वाचता यायचे आणि ते कुठे वाकवायचे तेही समजायचं. वीस मिनिटं उकळायला रॉकेल कोण देणार? अण्णा शाळेत गेले की पहिल्या उकळीला पातेलं खाली उतरायचं. एकदा तिने पाण्याला बरी चव यावी म्हणून पिंपात वाळ्याची जुडी टाकली. अण्णांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि अख्खं पिंप मोरीत ओतलं. “वाळा उकळला होता का?” त्यांनी विचारलं. “वाळा काय उकळतात?” आई म्हणाली.

हे असं चाललेलं असताना एका दुपारी आमची आत्या आली.

आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण. अण्णा तिला अक्का म्हणायचे. वणीच्या अलीकडे एका खेड्यात राहायची, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे जे काही जीव लावायचं ते तिने धाकट्या भावाला लावलं होतं. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. एरवी ती वर्षातून एकदा दसऱ्यानंतर यायची, हातात काम नसेल तेव्हा. या खेपेला भर पावसाळ्यात, निंदणीचे दिवस सोडून, दोन पिशव्या भरून ती फाटकात उभी. अण्णांना धक्काच बसला.

“अक्का, तू आत्ता कशाला आलीस? इथं साथ आहे!”

“आरं, साथ आली म्हनून तर आले,” आत्या म्हणाली. “तुमच्याकडं कोन हाय करायला? पोरं आडवी पडली तर एकटी काय काय करंल तुझी बायको?”

हा फरक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि पुढे आयुष्यभर पाहत आले. साथ आली की शिकलेला माणूस दार लावून घेतो. न शिकलेला माणूस पिशवी भरून आपल्या माणसाकडे निघतो. दोघांनाही वाटत असतं की आपण जीव वाचवतोय.

अण्णांनी तिला फाटकापाशीच थांबवलं. पोटॅशचं जांभळं पाणी बादलीत तयार होतं. त्यात तिने हात बुडवले, पाय बुडवले.

“मेथीची जुडी हाय का रं मी?” ती हसून म्हणाली. “आता निवडून कढईत टाक.”

आम्ही मुलं हसलो, आईही हसली. अण्णासुद्धा थोडे हसले, कारण जांभळे पाय घेऊन ती ओट्यावर उमटवत आली ती पावलं बघण्यासारखीच होती. मग ती टेकली आणि म्हणाली, “भाऊ, पानी दे बाबा. त्या गाडीत जीव पार सुकून गेला.”

अण्णा आत गेले, ओगराळं भरून आले. “ओंजळ कर,” म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग ओंजळ केली. अण्णांनी वरून धार धरली, अगदी बेतशीर, एक थेंब इकडे तिकडे नाही. पाणी ओंजळीत साठलं, पण ती तोंड खाली नेईना. बोटं सैल करून तिने ते पाणी गळू दिलं, उरलेल्या ओल्या हाताने चेहरा पुसला आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तहान मेली आता.”

अण्णांच्या काही लक्षात आलं नाही. आई मात्र उठून आत निघून गेली, आणि आतून भांडी जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून आत्याने आमच्या घरात पाणी घेतलं नाही. चहा घ्यायची. चहा कपातून मिळायचा, कारण कप नंतर उकळता यायचा. जेवायची व्यवस्थित, वरण भुरकायची, पण पाण्याला हात लावायची नाही. आईने एकदा अण्णा नसताना स्वतःचा ठिपक्याचा पेला भरून तिच्यापुढे धरला. आत्या म्हणाली, “नको गं. त्याला कळलं तर पुन्ना सगळं पिंप वतून दील. रॉकेल काय वाटंवर पडलंय?” आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, रॉकेलचं नाव काढलं म्हणून.

आणि तहान लागली की आत्या मळ्यात जायची. आमच्या मागेच झेंडूचा मळा होता, त्या मळ्यातल्या वहिनीशी तिची पहिल्याच सकाळी गट्टी जमली. बसल्या बसल्या तिला फुलं तोडू लागायची. साथीच्या दिवसांत फुलांना गिऱ्हाईक नव्हतं, पण झाडाला ते कोण सांगणार? मी एकदोनदा तिच्याबरोबर गेले. काम झालं की ती वहिनी विहिरीच्या पाण्याचा हंडा तिरका करून फुलपात्र भरायची आणि आत्याच्या हातात द्यायची. हाताला हात लागायचा. आत्या ते फुलपात्र दोन्ही हातांनी धरून सावकाश, मिटल्या डोळ्यांनी प्यायची.

“आत्या, घरचं का नाही पीत तू?” मी विचारलं.

“घरचं पानी आळणी हाय,” ती म्हणाली.

मला ते पटलं. वीस मिनिटं उकळलेलं पाणी खरंच बेचव लागायचं. आईने वाळा टाकला होता तो काही उगीच नाही. अण्णांना मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी मळ्याच्या विहिरीवर जाऊन व्याख्यान दिलं असतं. विहीर कडेने फुटलेली होती आणि पावसाचं सगळं गढूळ पाणी आत उतरत होतं. ते मलाही दिसत होतं, वहिनीलाही दिसत होतं. दिसणं आणि प्यायचं थांबणं यांचा आपसात फारसा संबंध नसतो, हे मी तेव्हाच शिकले.

आठवडाभरात आत्या पडली. सकाळी सकाळी ओकारी झाली आणि मग जुलाब सुरू झाले ते थांबेनात. दुपार व्हायच्या आत ती चटईवर अशी पडली होती की ओळखू येईना. डोळे आत गेले, ओठांना पापुद्रे आले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.

इथे मला अण्णांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर त्यांची नुसती थट्टाच होईल. जंतूंना एवढा भिणारा हा माणूस त्या दिवशी कशालाच भ्यायला नाही. शाळेत गेले नाहीत. आम्हा मुलांना बाहेर काढलं आणि बहिणीचं सगळं स्वतः केलं. तिचं लुगडं धुतलं, जमीन पुसली, तिला उचलून कुशीवर वळवलं. तोंडाला रुमालसुद्धा बांधला नाही. मी खिडकीतून बघत होते आणि मला त्यांचा फार अभिमान वाटत होता.

डॉक्टर येऊन गेले. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “मास्तर, खरं औषध मीठ-साखरेचं पाणी. घोट घोट सारखं पाजत राहा. संध्याकाळपर्यंत पोटात टिकलं तर बाई हातची जात नाही. नाही प्यायल्या तर सलाइन लावायला न्यावं लागेल, आणि तिकडे आता व्हरांड्यातसुद्धा जागा उरलेली नाही.” जाता जाता पुन्हा वळून म्हणाले, “पण पाणी पोटात गेलंच पाहिजे.”

अण्णांनी पाणी केलं. मीठ मोजलं, साखर मोजली, ढवळलं, चव घेऊन पाहिली. आणि सवयीने ओगराळ्यात घेऊन आले. आत्याचं डोकं मांडीवर घेतलं. “अक्का, तोंड उघड,” म्हणाले आणि वरून धार धरली.

आत्याने ओठ घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं.

“अक्का, तोंड उघड.”

तिने मान फिरवली. अण्णांनी तीन-चारदा समजावलं. मग समजावण्यातली समजूत संपली. एक तर ते सकाळपासून उपाशी, त्यात समोर बहीण वाळत चाललेली. ते ओरडले, “अगं मरशील! एवढं साधं कळत नाही तुला? किती अडाणीपणा करशील?”

आई दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो...” आणि थांबली.

आत्याने डोळे उघडले. आवाज अगदी खोल गेला होता, पण शब्द न् शब्द ऐकू आला.

“अडानी तर हायेच मी. तुझ्यापायीच ऱ्हायले.”

अण्णांना कळेना.

“तुझ्या शाळंत रांजन व्हता,” आत्या म्हणाली. “तुला त्याला शिवू द्येत नव्हते. शिपाई आला तर वरून वतायचा, असाच. नाय आला तर तू तसाच. घरी यायचास तं जीभ टाळूला चिकटलेली. एक दिस म्हनलास, मी नाय जानार शाळंत, मला ओंजळ करायची लाज वाटती.” ती थांबली, तिला दम लागला होता. “मंग मी तांब्या घिऊन यायची. रोज दुपारच्या सुट्टीला, कुंपनापाशी. भाऊनं हातात तांब्या धरून प्यावं म्हनून. माझंबी नाव घालायचं चाललं व्हतं शाळंत. आईनं इचारलं, तू आत बसलीस तर तांब्या कोन आननार? मी म्हनलं, ऱ्हाऊ दे माझं.”

बाहेर शेजारचे एम.ए. पेपर आपटून माशा मारत होते तेवढा आवाज येत होता.

“त्याच हातात तू वरून वततोस व्हय रं, भाऊ?”

अण्णांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मला वाटतं, ते हे विसरले नव्हते. कुणी विसरत नाही. फक्त ही दोन्ही पाणी वरून एकसारखीच पडतात, हे त्यांना दिसलं नव्हतं. एका बाजूला शाळेचा रांजण होता आणि दुसऱ्या बाजूला शास्त्र, मधे सगळ्या परीक्षा उभ्या होत्या. एवढ्या परीक्षा पास झालेल्या माणसाला पलीकडचं कुठून दिसणार?

ते उठले. आत जाऊन आले तेव्हा हातात त्यांचा स्वतःचा पेला होता, लाल ठिपक्याचा, ज्याला आम्ही मुलंही शिवायचो नाही. त्यांनी तो मीठ-साखरेच्या पाण्याने भरला आणि बहिणीच्या हातात दिला. पेला निसटू नये म्हणून तिच्या हाताबाहेरून आपला हात धरला.

“आधी तू पी,” आत्या म्हणाली.

माहितीपत्रकात हे कुठेच बसत नव्हतं. आजाऱ्याच्या हातातला पेला, त्यातून आधी आपण प्यायचं आणि मग लगेच आजाऱ्याने. अण्णांनी पेल्याला तोंड लावलं आणि प्यायले. रडत होते, त्यामुळे थोडं सांडलं. मग तिने घेतला आणि प्यायली, एक घोट, थांबून आणखी एक, आणि पेला रिकामा होईस्तोवर खाली ठेवला नाही.

“मीठ लय झालंय, मास्तर,” म्हणाली.

“ते तेवढंच लागतं,” अण्णा नाक पुसत म्हणाले. शास्त्र त्यांनी तेवढ्यातही सोडलं नाही.

दुपारभर ते पेला भरत राहिले आणि ती पीत राहिली. मधे एकदा उलटून पडलं, पुन्हा भरला. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिच्या कातडीवरची चिमटी सावकाश खाली बसायला लागली. आईने भिंतीला टेकून डोळे मिटले. सलाइन लागलं नाही. अण्णांनाही काही झालं नाही. का झालं नाही ते त्यांच्या कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही, आणि मी ते फार शोधलंही नाही.

चार दिवसांनी आत्या उठून ओट्यावर बसली. अण्णा तिच्यासाठी उकळलेलं पाणी घेऊन आले, पेल्यात, आणि तिच्या शेजारी बसले. एवढ्या दिवसांत कोण कुठलं पाणी प्यायलं हे त्यांना माझ्याकडून कळलं होतं. पण मास्तर तो मास्तर, राहवेना.

“अक्का, मी म्हणत होतो ते काही खोटं नव्हतं,” ते म्हणाले. “त्या विहिरीचं पाणी खराबच होतं.”

“व्हतं की,” आत्या म्हणाली. “मला काय दिसत नव्हतं? पन तिनं हातात दिलं.”